आप्पांचं मुरडलेलं नाक

शाडूची माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि चार दिवस विसरली की ती वास मारायला लागते. तुंबलेल्या मोरीचा वास. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत हा वास कायमचा राहायला आलेला आहे. चित्रातल्या कासवाने मान वळवून बघायचं असेल, तर ते कासव मी आधी मातीत करते. ओबडधोबड, मुठीएवढं. त्यावर टेबललॅम्पचा उजेड टाकला की मानेखाली सावली कशी पडते ते समजतं. चित्र झालं की कासव बादलीत जातं, विरघळतं, आणि त्याच चिखलातून पुढच्या पुस्तकातला हत्ती निघतो. कामाची रीतच तशी आहे, त्यात जीव गुंतवायचा नसतो. किळस मात्र येते. नखांत अडकलेला करडा चिकटा साबणाने जात नाही आणि घास तोंडाशी नेला की आधी तोच नाकात शिरतो.

ह्याच मातीत मी मागच्या वर्षी आमच्या आप्पांचं डोकं केलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. नामपूरच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे ते कांद्याची पारख करायचे. ढिगात हात घालायचा, कांदा वर काढायचा, हुंगायचा, सडका असला की बाजूला फेकायचा. सगळं आयुष्य ह्यात गेलं. त्यामुळे असेल किंवा जन्मतःच असेल, त्यांचं नाक कायम मुरडलेलं असायचं. वरचा ओठ एका बाजूने चढलेला, खालच्या ओठाचं टोक उतरलेलं. ताट पुढे आलं की ते आधी हुंगायचे. भाजी असो, नवा शर्ट असो की दारात आलेला पाहुणा, त्यांची बघण्याची तऱ्हा एकच. ते चिडायचे नाहीत. चिडायला आधी काहीतरी आवडलेलं असावं लागतं. आई तर भाजी वाढायच्या आधी चुलीपाशीच पातेलं स्वतः हुंगून बघायची. आप्पा गेल्यावरही तिची ती सवय सुटली नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला की आई राहते तिथे, म्हणजे माझ्या हॉलमध्ये, आप्पांचा मोठा फोटो हवा. आता आप्पांचा धड फोटो एकच, कुठल्याशा सरकारी कार्डासाठी काढलेला. तोंडावर झगझगीत उजेड, त्यात नाक, गाल, कपाळ सगळं भाकरीसारखं सपाट. मी म्हणाले, "फोटो राहू दे. मी रंगवते." जन्मभर ससे आणि कासवं रंगवली, एक चेहरा तरी खरा रंगवावा आणि तो आपल्या घरात लागावा, असं मला मनापासून वाटत होतं. दादाने मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्यावर मी विसंबले.

सपाट फोटोवरून सावली कळेना, म्हणून डोकं मातीत घडवलं. ते चांगलं जमलं होतं. मुरडलेलं नाक, चढलेला ओठ, सगळं. मी ते हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवलं, आणि तिथेच चुकलं. श्राद्धासाठी नामपूरहून काका आणि आत्या आधीच येऊन राहिले होते.

काकांनी चष्मा पुसून बघितलं. "हाई नाक त्यास्नं नई शे, पोरी," ते म्हणाले. आप्पांचं नाक असं नव्हतंच म्हणे! आणि मी काही बोलायच्या आत अंगठ्याने नाक सरळ करून टाकलं. ओल्या मातीवर त्यांचा अंगठा उमटला. मी नाक परत घडवलं, डोक्यावर फडकं घातलं आणि भाजी आणायला गेले. परत येते तो आत्याने फडकं काढून आप्पांच्या कपाळाला गंध लावलेलं, गळ्यात झेंडूचा हार, आणि माती मऊ आहे हे बघून मानेत दोन उदबत्त्या खोचलेल्या. गंधाचा पिवळा ओघळ भुवईपर्यंत आला होता. राख खांद्यावर पडत होती.

"असं उघडंबोडकं काय ठेवायचं?" आत्या डोळे टिपत म्हणाली. "देवमाणूस व्हता माझा भाऊ."

देवमाणूस! हिनेच दिवाळीला आणलेले लाडू ह्या देवमाणसाने हुंगून परत डब्यात टाकले होते, हिच्या देखत. मेलेल्या माणसाला साखरेत घोळवायची ही जी घाई असते ना, तिची मला शिसारी येते. मी उदबत्त्या उपटल्या, हार काढला आणि डोकं बाल्कनीत नेलं. आत्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरं झालं.

संध्याकाळी दादा आला आणि त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्या सपाट फोटोला कुठल्याशा ॲपमध्ये घालून त्याने आप्पांना हसवलं होतं. गाल वर आलेले, डोळ्यांत पाणीदार चमक, आणि दात! तंबाखूने दात किडलेल्या माणसाला पांढरीशुभ्र, एकसारखी बत्तिशी. मी मोबाइल बाजूला सारला.

"फ्रेमवाल्याकडे दिलाय," दादा म्हणाला.

"आणि माझं चित्र?"

"अगं, कोणाला बघायचंय ते तोंड? हे छान प्रसन्न दिसतंय."

"आईला विचारू," मी म्हणाले. आई माझ्याच बाजूने बोलणार ह्याची मला खात्री होती. तो चेहरा तिच्याइतका कोणी पाहिला होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बाल्कनीत नेलं आणि फडकं काढलं. भपकन वास आला. आईने वाकून बघितलं. मग पदर खोचून तिने बोट पुढे केलं. ओठाचं टोक आणखी खाली ओढलं. नाकपुडी नखाने वर ढकलली. नाकाशेजारची घडी दाबून खोल केली.

"असं व्हतं," ती म्हणाली. "तूबी त्यांना गोडच केलं, बाई."

मी बघितलं आणि एक पाऊल मागे सरले. आता हे आपल्याला हुंगणार, असंच मला वाटलं. इतरांच्या नावाने बोटं मोडत मीही साखर पेरत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"तुला इतकं नेमकं कसं गं माहीत?"

"तू त्यांच्या शेजारी बसायची. तुला बाजूनं दिसायचं. मी वाढून समोर उभी ऱ्हायची. पैला घास पोटात जाईस्तोवर."

मी म्हणाले, "मग असंच रंगवते. अगदी हेच."

"नको." तिने हात पुसले. "दादानं केलंय ते लाव. खोटं हाय, मला काय कळत नाय का? पण मी जेवाया बसते ना, तर समोर ती फोटूचीच भिंत येती."

तिनेच डोकं दोन्ही हातांनी उचललं, बादलीत सोडलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. त्या मातीचा पुढे ससा झाला.

हॉलमध्ये आता ती बत्तिशी लटकते. चंदनाचा हार, खाली छोटा बल्ब. त्या दातांकडे बघून मला आजही किळस येते आणि पाहुणे "किती प्रसन्न!" म्हणाले की मी उठून आत जाते. परवा आईने वांग्याची भाजी केली. ताट घेऊन भिंतीसमोर बसली, पातेलं पुढे ओढलं, भाजी वाढून घेतली आणि घास मोडला. हुंगली नाही.