मुखपृष्ठासाठी फोटो

कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडे आलं. "मॅडमना घरी जायची घाई नसते," असं प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले. कॉलेजचं नाव होईल असा अंक हवा, मुखपृष्ठावर हसरी मुलं हवीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

फोटो निवडताना मला एक फार आवडला. कडुनिंबाखाली मुलींचा घोळका हसत होता आणि मागच्या बाकावर एक मुलगी एकटीच डबा खात होती. ती रोज काटोलहून बसने यायची. छापण्याआधी विचारावं म्हणून मी तिला तो दाखवला.

तिचा चेहरा उतरला. "मॅडम, हा काहून छापता? मी घरी सांगतलं आहे, मले खूप मैत्रिणी आहेत. आईनं पाहिलं तर तिले वाईट वाटन."

मी तो फोटो बाद केला. दुसऱ्या दिवशी माझा डबा घेऊन त्याच बाकावर तिच्या शेजारी बसले. मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. मग तिने माझी भाजी चाखली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, यात मीठच नाही." आम्ही दोघीही हसलो. अंकासाठी फोटो काढत फिरणाऱ्या फोटोग्राफरने नेमकं तेच टिपलं आणि प्राचार्यांनी तेच मुखपृष्ठाला घेतलं.

अंक आला तेव्हा तिने आजीसाठी आणखी एक प्रत मागून नेली. मलाही दोन मिळाल्या. दुसरी कोणाला पाठवावी याचा मी रविवारभर विचार केला आणि सोमवारी ती वाचनालयात देऊन आले.