किटलीतला कोंडलेला वारा

माझी जीप जव्हार-मोखाडा रस्त्यावर चालते आणि तिच्यात तेलाचा एक डाग मला खपत नाही. बाकीचे ड्रायव्हर हसतात. म्हणतात, हा पॅसेंजरचे पाय पुसून मग आत घेतो. हसू देत.

गेल्या वर्षी इंजिनात जोराने हवा भरणाऱ्या टर्बोच्या पाइपात तेल दिसलं आणि माझं डोकं फिरलं. इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी एक नळी असते, ब्रीदर. ती टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते, म्हणून वायूबरोबर तेलही आत जातं. मोबाइलवर उपाय पाहिला: नळी तिथून सोडवायची आणि एका डब्यात घालायची, तेल डब्यात साठतं. मी घरातली दुधाची स्टीलची किटली उचलली. झाकणाला भोक पाडून नळी बसवली आणि थेंबही बाहेर येऊ नये म्हणून झाकण सगळीकडून सील लावून घट्ट बंद केलं. बायको म्हणाली, "किटली गेली ती गेली, आता गाडी तरी नीट ठेवा." मी स्वतःवर भलताच खूश होतो.

चौथ्या दिवशी दाभोसा धबधब्याच्या पॅसेंजरांनी भरलेली जीप चढाला लागली आणि तेल मोजायची डिपस्टिक उडाली. बॉनेटखाली तेलच तेल, मागे निळा धूर. जव्हारच्या मेकॅनिकने आमच्याकडची नेहमीची परीक्षा घेतली. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि त्याच भोकावर उलटं ठेवलं. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक, उडालं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. माझं झाकण उडून बंपरपाशी पडलं.

"इंजिन उतरवावं लागेल," तो म्हणाला.

ते मला झेपणारं नव्हतं. म्हणजे जीप विकायची आणि पुन्हा ठाण्याला दुसऱ्याची गाडी चालवायची. बारा वर्षं ते केलं होतं. सुट्टीवर आलो की माझी मुलगी दाराआडून बघायची, हा कोण आला म्हणून. पुन्हा ते नको होतं, पण दुसरी वाट दिसेना. घरी काही बोललो नाही. अंगणात जाऊन जुन्या शेठला फोन केला. तो म्हणाला, "आ जा, सोमवार से."

तोवर अर्धेच पॅसेंजर घेऊन आणि डिपस्टिक तारेने बांधून गाडी ओढली. बाजाराच्या दिवशी मोखाड्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सहज बॉनेट उघडून दाखवलं.

"ह्ये काय लावलाय?" त्याने किटलीवर टिचकी मारली. मी अभिमानाने सगळं सांगितलं.

"आन वारा कुठून जायचा?"

त्याने स्क्रूड्रायव्हरने सील उचकटलं. फुस्स झालं. मग इंजिन चालू करून त्यानेही तेलाचं झाकण भोकावर उलटं ठेवलं. या वेळी ते थरथरलं आणि जागेवरच राहिलं.

"रिंगा झिजल्यात, गेल्या नाय. टर्बो जोर लावतो तवा थोडा वायू खाली उतरतोच, समद्याच इंजिनात. तू त्याचा तोंडच बांधलास. मंग तो तेल घेऊन बाहेर नाय येनार तं काय करनार?"

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच स्टेपनीवर बसलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मिस्त्रीने किटलीच्या झाकणाला दुसरं भोक पाडलं, त्यात वेगळी नळी बसवून ती खाली सोडली. तेलाचे थेंब अडावेत म्हणून किटलीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. दर आठवड्याला किटली रिकामी कर, एवढंच बजावलं.

परत येताना जीप गच्च भरली. चढ चढली, डिपस्टिक हलली नाही. जव्हारला उतरल्या उतरल्या शेठला कळवलं की येत नाही.

घरी बायकोला किटलीची फजिती रंगवून सांगितली. ठाण्याचं तेवढं गाळलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग माळ्यावरची बॅग खाली काढा," ती म्हणाली.

बॅगेत माझे चार शर्ट होते, इस्त्री केलेले. वर सुक्या चटणीची बरणी. फोन तिने त्याच दिवशी ऐकला होता.

तिने एकेक शर्ट काढून कपाटात ठेवला. शेवटचा हातात घेतला आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.