आधी पाय मोकळे करा

"आधी पाय मोकळे करा!" आमच्या दारात आला की मास्तर हे म्हणायचाच. म्हणता म्हणता चपला काढायचा आणि उंबऱ्यावर पाय आपटून वाळू झाडायचा, मी नुकत्याच झाडलेल्या जागेवर.

"मास्तर, जरा लांब झाडा की!"

"भाभी, आख्खी दुबई वाळूची. लांब म्हणजे कुठे जाऊ?"

साठ सालानंतरची दुबई ही. खाडीकाठी आमचं घर, आमचे हे गोदामावर मुकादम. रत्नागिरीकडचे एकटे राहणारे पुरुष माझ्याकडे जेवायला यायचे, त्यातला हा एक. वयाने माझ्या धाकट्या दिराएवढा. गोदामात पेट्यांवर नंबर रंगवायचा. पण त्याला मास्तर म्हणायचे ते फुटबॉलमुळे.

मुंबईला कॉलेजात असताना तो खेळायचा. आधी बरीच वर्षं बाहेर बसून, मग बॅकला. चिखलात गुडघा गेला तेव्हा त्याच कॉलेजने त्याला सहायक कोच केलं. सहायक म्हणजे काय, ते त्यानेच मला सांगितलं. "पोरांना मी पळवायचं, आणि हार कोचच्या गळ्यात." कॉलेजने कप जिंकला, त्या फोटोत हा नाही. सगळे फोटोला बसले तेव्हा हा गोलची जाळी सोडत होता. हे तो हसून सांगायचा. मला हसू यायचं नाही. सहायकाच्या पगारात घर चालेना, म्हणून दुबईला आला.

इथेही स्वस्थ बसला नाही. आमच्या घरामागच्या वाळूत हमाल, आचारी, कारकून गोळा करून टीम उभी केली. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना बघायचे. तुम्हीही बघितलं असतंत तर हसला असतात. लुंगी खोचलेले बाप्ये, आणि मधे हा ओरडतोय, "यल्ला, यल्ला! चल, चल! बॉलकडे नको, जागेकडे पळ!" एकदा इंग्रज साहेबांच्या टीमशी मॅच ठरली. आमच्या लोकांनी कुठून तरी जुने बूट आणून घातले. मास्तरने सगळ्यांना खाली बसवून काढायला लावले. म्हणाला, "वाळूत बूट म्हणजे पायाला धोंडा. आधी पाय मोकळे करा." साहेब बुटांत रुतत होते, आमचे अनवाणी धावत होते. मॅच बरोबरीत सुटली, तर माझ्याकडे बिर्याणी मागायला आले, जणू मुलूख जिंकला.

मग मुंबईहून आलेल्या एका गाववाल्याने निरोप आणला. कॉलेजचे जुने कोच थकले होते. प्रिन्सिपलने मास्तरला बोलावलं होतं, कोच म्हणून. त्या दिवशी त्याने भाकरी तशीच ठेवली.

"सहायक खलास, भाभी. आता नुसता कोच."

"मग जेवा तरी. कोचला भूक नसते का?"

इथे विलायती बूट मुंबईपेक्षा स्वस्त. त्याने कॉलेजच्या पोरांसाठी जर्सी घेतल्या, बूट घेतले. आता आमच्या लोकांची एक रीत सांगते. मुंबईला कस्टमवाले पेटीतल्या नव्या मालावर ड्यूटी लावायचे, अंगावरच्यावर नाही. म्हणून गावी जाणारा माणूस शर्टावर शर्ट, पॅन्टवर पॅन्ट चढवून जायचा. मीसुद्धा दोन साड्या नेसून गेलेली आहे. कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

निघायच्या सकाळी मास्तर दारात आला. कोटाच्या आत एकावर एक जर्सी, पायात नवे बूट, नाड्या घोट्यापर्यंत आवळलेल्या.

"मास्तर, गादी झालात नुसती. या आत."

"नको. बूट बांधताना घाम निघाला, आता सोडत नाही."

मी उंबऱ्यावरूनच भाकरी आणि खजूर दिले. त्या एकाच दिवशी त्याने माझ्या दारात पाय मोकळे केले नाहीत.

आगबोट तेव्हा बाहेर समुद्रात उभी राहायची, माणसं लाँचने जायची. खाडीच्या तोंडाशी लाट आडवी लागली आणि लाँच उलटली. दुपारी बाहेर गलका झाला म्हणून मी धावले. मला मास्तरची काळजी नव्हती. हा माणूस दर शुक्रवारी खाडी पोहून पलीकडे जायचा. काठावर लाँचमधलाच एक पोहता न येणारा किराणावाला चहा पीत बसलेला. फळीला धरून वाचला. बाकीचेही वाचले.

मास्तर तेवढा वाळूवर आडवा होता.

मला समजेचना. मी त्या किराणावाल्याला विचारलं, "हा कसा बुडाला? ह्याला तर पोहता येतं!" तो म्हणाला, "हात मारत होता. पाय वर आलेच नाहीत."

आमचे हे आणि टीममधले दोघे त्याचे कपडे काढायला बसले. एक जर्सी काढली की खाली दुसरी, सगळ्या पाण्याने जड. गुंड्यांशी झटत होते. एवढ्या पुरुषांत बाईमाणसाने बोलायचं नसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने.

"आधी पाय मोकळे करा!"

सगळ्यांचे हात थांबले. टीममधला आचारी सरकून त्याच्या पायांशी बसला.

नाड्या पाण्याने फुगल्या होत्या, गाठ सुटेना. मी घरातून मासे कापायची सुरी आणून दिली. ह्यांनी नाड्या कापल्या, बूट ओढले. बुटांतून पाणी आलं, आणि पाण्याबरोबर वाळू.