शिट्टी नसलेला कुकर

जेवण व्हायला आठ तास लागले म्हणून खूश होणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात, आणि शेजारचं आंबेगाव धरलं तरी, मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच सासरच्या वाट्याला आला. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लष्करात आचारी होते. तीसेक वर्षं साहेब लोकांच्या मेसमध्ये काढली, तीही बर्फाच्या मुलखात. पेन्शनीत निघालेले बाकीचे लोक घरी येताना ब्लँकेटं आणतात, रमच्या बाटल्या आणतात. मामांनी पिंपळवंडीच्या मळ्यात एक पदार्थ आणला. डुकराच्या बरगडीचे जाड चाप, वर आंबट सफरचंदाच्या फोडी, कांदा, मिरी, दालचिनी, आणि हे सगळं झाकण लावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंद आचेवर. ज्या गावात डुक्कर म्हणायचं झालं तरी लोक आधी थुंकतात, त्या गावात त्यांनी हा बेत वीस वर्षं केला. "हळू शिजल्यालं आसंल तर मानूस हळू खातो, आनि हळू खानारा भांडत न्हाई," असं त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते खरं की खोटं हे तपासायला त्यांच्याकडे जेवायला गावातलं कोणी येतच नसे, हा भाग वेगळा.

या कामासाठी त्यांनी पुण्याच्या कॅम्पातून विजेवर चालणारा स्लो कुकर आणला होता. आत मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. तो आला तेव्हा वस्तीवरच्या बायका बघायला जमल्या. एकीनं चहूबाजूंनी निरखून विचारलं, "मामा, याला शिट्टी कुटंय?"

"शिट्टी नसती याला."

"आगं बया! मंग शिजलं ते कळायचं कसं?"

"वाट बघायची," मामा म्हणाले. त्या बाईनं पदर तोंडाला लावला तो हसू लपवायलाच.

आता मळ्यातली लाईट म्हणजे शेतीची लाईट. आठ तास येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सगळा गाव त्या आठ तासांच्या नावानं बोटं मोडतो. मामा मात्र म्हणायचे की वीजवाल्यांनी हे वेळापत्रक माझ्या कुकरला विचारून केलंय. दिवसपाळीच्या आठवड्यात मोटार चालू करायला माणसं विहिरीकडे पळायची आणि मामा पांढरा एप्रन बांधून, डोक्याला कडक टोपी चढवून कुकरकडे. कुकरवर दोन खुणा होत्या, एक आठ तासांची आणि एक चार तासांची. चार तासांच्या खुणेवर त्यांनी चिकटपट्टी लावून टाकली होती. "त्यो हाटेलवाल्यांचा धंदा," म्हणायचे.

मटण आणायला ते महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला जात. ते आणायचं कशात? जनावरांच्या डॉक्टरांचा, लशी-रेतन न्यायचा एक जुना बर्फाचा डबा त्यांनी कुठून तरी पैदा केला होता. एकदा नारायणगावच्या स्टँडवर एका शेतकऱ्यानं तो डबा ओळखला आणि मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, म्हैस दोनदा उलटली राव, गाभ धरंना. जरा चांगल्या रेड्याचं भरा की." मामांनी डबा उघडला असता तर स्टँडवर दंगल झाली असती. त्यांनी गंभीरपणे म्हशीची सगळी हकिकत ऐकून घेतली, सरकी वाढवा म्हणून सांगितलं आणि गाडीत चढले. म्हैस पुढे गाभण राहिली म्हणे. बेल्ह्याच्या बाजारात फळवाल्याशी त्यांचं दर वेळी वाजायचं, कारण त्यांना आंबट सफरचंद हवं असे. "आजोबा, जग गोड मागतं," फळवाला म्हणायचा. "जगाला कुटं चाप शिजवायचेत?" असं म्हणत मामा एकेक सफरचंद नखानं टोचून बघायचे, आणि टोचलेली सगळी त्यांच्याच पिशवीत पडायची.

हा सगळा खटाटोप संध्याकाळी सातच्या जेवणासाठी. कांदाचाळीला लागून एक पत्र्याची खोली होती, तिच्यात टेबल, टेबलावर पांढरी चादर, सहा चिनीमातीच्या ताटल्या, घडी घातलेले सहा नॅपकिन. बाहेर थंडीचं धुकं उतरलेलं असायचं आणि आत दालचिनीचा ऊबदार वास. मामा सहाही खुर्च्या ओढून ठेवायचे. आमंत्रणं आदल्या दिवशी जायची. एकाला नेमकी संकष्टी निघायची, दुसऱ्याच्या उसात बिबट्या निघायचा, तिसऱ्याचं पोट त्याच दिवशी बिघडायचं. मी मात्र जावई. जावयानं सासरचं ताट नाकारलं तर ते आयुष्यभर ऐकावं लागतं. म्हणून पहिल्यांदा गेलो तो नाइलाजानं, आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या वेळेपासून चवीनं. हाडापासून मांस आपोआप सुटायचं, त्यात सफरचंद विरघळून गेलेलं असायचं. बायको दारातच थांबवून आंघोळीला पाठवायची आणि दहा मिनिटांनी हळूच विचारायची, "कसं झालं होतं?" जेवण झालं की मामा उरलेले चार कोरे नॅपकिन पुन्हा तस्सेच घडी करून ठेवायचे.

मामी माळकरी. माहेरही माळकऱ्यांचं, गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. नवऱ्याच्या या नादावरून त्यांनी कधी आदळआपट केली नाही. पत्र्याच्या खोलीत त्या पाऊल टाकत नसत आणि मामा आंघोळ केल्याशिवाय घरात येत नसत, एवढाच काय तो करार. पण त्या करारात एक कलम होतं, न बोललेलं. ज्या हातानं ते कापायचं, त्या हातचं मामी खात नसत. भात नाही, चहा नाही, सोललेलं केळंसुद्धा नाही. तीस वर्षं ज्यांनी मोठमोठ्या साहेबांना जेवू घातलं, त्यांच्या हातचा एक घासही त्यांच्या बायकोनं खाल्ला नव्हता. मामांना जगात दुसरी कसलीही हाव नव्हती, ही एकच होती. कपाटावर दुसरा एक स्लो कुकर खोक्यात ठेवलेला होता. पहिल्याबरोबरच आणलेला. त्याला हळदीकुंकू लावलेलं, कडीला लाल दोरा. कधीही न वापरलेला. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यो हिचा. कधी तरी म्हनंल."

गेल्या वर्षी मामींच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला नेलं, पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मामींची थोरली बहीण, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, सेवेला येऊन राहिली. अक्काही माळकरी, आणि जिभेनं तिखट. अन्न जाईना. पेज जाईना, नारळपाणी कसंबसं. माणूस चिपाडासारखं झालं. मामांनी पत्र्याची खोली बंद केली होती. दिवसभर मामींच्या खाटेजवळ बसायचे, आणि अक्का चमचा पुढे करत तेव्हा स्वतःचे दोन्ही हात मागे धरायचे.

एका सकाळी मामीच बोलल्या. हे मला नंतर माझ्या बायकोनं सांगितलं, ती त्या आठवड्यात तिथंच होती. मामी म्हणाल्या, "तुमच्या त्या सफरचंदाचा वास येत व्हता इतकी वर्सं. लई बरा यायचा. नुसतं सफरचंद करता येतं का वो? गूळ घालून?"

मामा उठून उभेच राहिले. बायको म्हणते, सॅल्यूट ठोकतात की काय असं वाटलं. कपाटावरचं खोकं खाली आलं. पण मळ्यावरची विजेची डीपी दोन दिवसांपूर्वी जळालेली. दिवसपाळी असून लाईटीचा पत्ता नाही. अक्का म्हणाल्या, "आवो, चुलीवर ठिवा. धा मिन्टात मऊ व्हतंय."

"चाळीस वर्सांनी मागितलंय तिनं," मामा म्हणाले, "धा मिन्टात उरकू व्हय?"

खोकं घेऊन ते गावठाणात गेले. तिथं लाईट होती. तीन घरी विचारलं. कुकर नवा आहे, आत फक्त सफरचंद आहे, दोऱ्यासकट दाखवलं. तिन्ही घरी एकच उत्तर. "नवा असंल वो मामा, पन आमी कसं मानायचं?" त्या माणसाच्या कुकरला अख्ख्या गावात कोणी प्लग दिला नाही. मग मळ्यात परत येऊन त्यांनी खोकं मोपेडच्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्याकडे मंचरला यायचं ठरवलं. निघताना मामी खाटेवरून म्हणाल्या, "सावकास जावा. रस्त्याला गाड्या लई असत्यात."

मंचरच्या मार्केट यार्डाजवळ माझं बारदानाचं दुकान आहे. कांद्याच्या, बटाट्याच्या रिकाम्या गोण्या विकतो. सव्वानऊला मामा दारात हजर. चेहऱ्यावर असा आनंद, की घरात आजारी माणूस आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मी प्लग मोकळा करून दिला. मामींचं अंथरूण पिंपळवंडीला आणि त्यांचा घास शिजतोय मंचरला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. मामा गोण्यांच्या थप्पीवर चढून कुकरकडे तोंड करून बसले. गिऱ्हाइकं येत होती, वास घेत होती. एक हमाल म्हणाला, "बाबा, किती शिट्ट्या झाल्या?" मामांनी त्यालाही सांगितलं की याला वाट बघायची असते. बारा वाजता त्यांनी मला हळूच जवळ बोलावून विचारलं, "जावईबापू, ती गरम खाईल का कोमट?" मी म्हटलं, कोमट. "मंग साडेपाचला निघालो तरी घरी जाईस्तोवर बरोबर कोमट," असा हिशेब करून ते पुन्हा थप्पीवर जाऊन बसले.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या दुकानात चहाचा गॅस होता. तो मामांच्या पाठीमागे चार हातांवर होता. मला दिवसभरात दोन-तीनदा वाटलं की म्हणावं, मामा, पातेल्यात घ्या, उकळी येऊ द्या आणि निघा. पण चाळीस वर्षांनी खूश झालेल्या माणसाला घाई करा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी चहा करून दिला, त्याच गॅसवर.

अडीचला बायकोचा फोन आला. ती रडत होती, त्यातून एवढंच कळलं की मामांना घेऊन या. काय झालं ते त्या रडण्यातूनच उमगलं. मी सरळ सांगितलं. "मामा, चला. मामी गेल्या."

त्यांनी आधी कुकरकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "आजून पावनेतीन तास हायेत," ते म्हणाले. आणि मग अगदी तक्रार केल्यासारखं, "मंग एवढी घाई कशाला केली हिनं?"

कुकर राहू द्या म्हटलं, ते ऐकेनात. आतलं भांडं टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि माझ्या टेम्पोत बसले. भांडं चांगलंच तापलेलं होतं. मांडीला भाजलेलं पुढे आठवडाभर दिसत होतं, पण रस्ताभर त्यांनी ते हलवलं नाही. हायवेला ट्रकांची रांग होती. मी हॉर्न वाजवत होतो आणि मामा म्हणत होते, "सावकास जाऊ. सावकास जावा म्हनलीये ती."

घरात बायका जमलेल्या. मामींना खाली घेतलं होतं, गळ्यात माळ तशीच. मामा आंघोळीला थांबले नाहीत, पहिल्यांदाच. थेट आत आले, भांडं खाली ठेवून झाकण काढलं. फोडी अजून फोडीच होत्या, कडेला तेवढा गुळाचा पाक सुटला होता. वास सगळ्या खोलीत भरला. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. "अक्का, आता चालंल का?"

मला वाटलं आता या बाईची जीभ सुटणार, मेलेल्या माळकरणीच्या तोंडाला हे लावता म्हणून. अक्कांनी मामींच्या उशाजवळची तुळशीची डहाळी उचलली, त्यातलं एक पान खुडून मामांच्या हातावर ठेवलं. "मी काय पायलं न्हाई," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचं बघून बाकीच्या बायकांनीही एकेक करून पाठ फिरवली. त्यात गावठाणातल्या त्या तीन घरांतल्या बायकाही होत्या. मामांनी पान पाकात बुडवून मामींच्या ओठांवर ठेवलं. "गोड हाय बघ," म्हणाले, "गूळ घातलाय."

त्या दिवशी चूल पेटवली असती म्हणून मरण काही टळलं नसतं, हे मला कळतं. पण एक चमचा पोटात गेला असता. तो गेला नाही, आणि त्यात माझ्या गप्प बसण्याचा वाटा आहे. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदाच लिहितोय.

आता दोन्ही स्लो कुकर कपाटावर आहेत. मामांनी साधा प्रेशर कुकर घेतला आहे, शिट्टीचा. लाईट दिवसाची का रात्रीची याची ते चौकशी करत नाहीत. मी गेलो की अजूनही चाप होतात, पण मी पायातल्या चपला काढेपर्यंत गॅस पेटलेला असतो. तीन शिट्ट्या झाल्या की मामा लगबगीनं झाकण उघडतात, वाफेनं हात भाजून घेतात, आणि "बसा, बसा, लगेच बसा," म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवून मला खुर्चीत बसवतात. टेबलावर आता दोनच ताटल्या असतात. अक्का अधूनमधून येतात, पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसतात आणि मामा त्यांना एका वाटीत गूळ घातलेलं सफरचंद नेऊन देतात. त्या ते खातात. मामा तिथं उभं राहून वाटी रिकामी होईपर्यंत बघत असतात.

चाप मात्र चामड्यासारखे होतात. तीन शिट्ट्यांत ते शिजत नाहीत, मामांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. "कसं झालंय?" ते विचारतात. मी छान झालंय म्हणतो आणि चावत राहतो. बराच वेळ लागतो. मामा समोर बसून वाट बघतात, आणि मीही घाई करत नाही.