समोरच्या बाकावरचे गायबकाका

गायबकाकांनी आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा ते स्वतः घरी नव्हते. दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर कच्ची डाळ, तांदूळ, कांदे आणि कुकर मांडून ठेवला होता. बाहेरच्या खोलीत सिएरा लिओनहून शिकायला आलेल्या नर्स, सिस्टर मारियामा, जाड ओव्हरकोट घालून ताठ बसल्या होत्या. त्यांना वाटलं, यजमान आम्ही. आम्हाला वाटलं, यजमान त्या. बराच वेळ आम्ही एकमेकांचे आभार मानत होतो.

शेवटी भुकेने तोडगा काढला. मी डाळ धुतली, मारियामांनी कांदे चिरले, आणि तुमच्या आजोबांनी ‘मी काही करू का’ असं विचारत सगळ्यांच्या मधोमध उभं राहण्याचं काम केलं. तुमची आई तेव्हा शाळकरी होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता. तिने खिडकीतून खाली पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की काका समोर ट्रामच्या थांब्यावर बसले आहेत. खरंच बसले होते. हातात पाव, आणि डोळे आमच्या खिडकीवर. आजोबांनी हात हलवला, तसं त्यांनी घाईघाईने तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. कुकर उतरल्यावर वर आले, “छान. माझ्याशिवाय चाललं,” म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी ताटावर बसले. घरी परतताना तुमच्या आईने त्यांचं नाव गायबकाका ठेवलं. ‘गायब’ ती जर्मनमध्ये म्हणायची, काका हा एक शब्द मात्र तिने मराठी ठेवला.

ते मूळचे नागपूरचे, सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर. आमच्याच रस्त्यावर राहायचे. त्यांच्या पत्नी नागपुरात कॉलेजात शिकवत, म्हणून इथे ते एकटेच. ड्रेस्डेनमधल्या एका संस्थेतर्फे सिएरा लिओनमधल्या एका जिल्ह्यात त्यांचं काम चालायचं. तिथलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. दवाखाने मोडले होते, नर्स पांगल्या होत्या, आणि जे काही उभं होतं ते बाहेरून आलेली माणसं बाहेरून आलेल्या औषधांवर चालवत होती. काका म्हणायचे, “वहिनी, आम्ही निघालो की दवाखान्याला कुलूप लागतं. मग आम्ही बांधलं काय? भाड्याचा मंडप.” मंडप नको, घर हवं, एवढाच त्यांचा ध्यास होता. गावातल्या बायकांना शिकवायचं, त्यांतल्या काहींना शिकवायला शिकवायचं, आणि मग आपण दिसेनासं व्हायचं. दिसेनासं होण्यावर त्यांचा भर जरा जास्तच होता.

मारियामांनी सांगितलेली एक गोष्ट ऐका. एकदा तिथल्या दवाखान्यात ऐन गर्दीच्या वेळी काका उठले आणि आंब्याच्या झाडामागे जाऊन लपले, नर्सचं कसं चाललंय ते बघायला. झाडावर मुंग्या होत्या, त्या सदऱ्यात शिरल्या. काका पोट धरून वाकडेतिकडे होऊ लागले. एका नव्या नर्सने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिने हा बुजरा पेशंट दंडाला धरून आत नेला, पोट तपासलं, हात धुण्यावर व्याख्यान दिलं आणि जंतांची गोळी तिथल्या तिथे चावायला लावली. काकांनी निमूट चावली. मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? तर म्हणाले, “तपासणी फार चांगली चालली होती. मधे कसं बोलणार?”

हळूहळू त्यांची नजर माझ्या घराकडे वळली. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि ती जागा फक्त मला माहीत आहे. एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, “वहिनी, राग मानू नका. तुमचं घर म्हणजे परदेशी मदतीवर चाललेला देश आहे.” मी राग मानला. आणि तो दाखवायला चार दिवस न्युरेम्बर्गला मावसबहिणीकडे निघून गेले. मी परत आले तेव्हा आजोबांचा लोकरीचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा झाला होता, आणि कागदाच्या कचऱ्यात कांद्याची सालं टाकली म्हणून खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लेमान आजोबांशी बोलत नव्हत्या. पण दोघं जेवली होती, तुमची आई वेळेवर शाळेत गेली होती. मी निकालासाठी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, हे दोघं पास. तुम्ही नापास. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून वरणात मीठ कोण घालत होतं?

हे मला फार लागलं. म्हणून पुढे जे झालं, त्याचा मला जरा आनंदही झाला.

काकांच्या प्रकल्पाचं शेवटचं वर्ष आलं. त्या जिल्ह्यातल्या लहान मुलांच्या लसीकरणाची फेरी या वेळी बाहेरच्या कोणाशिवाय व्हायची होती. सगळी जबाबदारी आता तिकडे परतलेल्या मारियामांवर. फेरी नीट झाली तर पुढे जिल्हा आपल्या पायांवर. फसली तर मुलं लसीवाचून राहणार, आणि पुन्हा बाहेरची माणसं येऊन मंडप टाकणार. काकांनी ठरवलं, की फेरी संपेपर्यंत आपण एकही फोन करायचा नाही. मग एका सकाळी आमच्याकडे आले आणि आपला हँडी, म्हणजे मोबाइल, माझ्या हातात ठेवला. “वहिनी, हा तुमच्याकडे. मी मागितला तरी द्यायचा नाही.” त्यांना माणसाची पारख होती. मी तो चार्जरला लावून शिंक्यासारखा उंच फडताळात, तांदळाच्या डब्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते साखर मागायला आले. त्यांना मधुमेह होता. मग घड्याळ लावायचंय म्हणून आले, बायकोचा वाढदिवस आहे म्हणून आले. मी आमच्या फोनवरून नागपूरचा नंबर लावून दिला. वाढदिवस नव्हता, त्यामुळे त्यांच्या पत्नी घाबरल्या. एकदा आजोबा आणि ते मिळून फडताळ आवरायला निघाले. तीस वर्षांच्या संसारात आजोबांनी आवरायला घेतलेली ती पहिली वस्तू, म्हणून मी ओळखलं. पुढच्या शनिवारी आजोबांना ते हाउप्टबानहोफजवळच्या, म्हणजे मोठ्या स्टेशनजवळच्या, एका परदेशी फोन करायच्या दुकानासमोर सापडले. आत गेले नव्हते. नुसतेच काचेतून फोनकडे बघत उभे होते, मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहावं तसे.

रोज ते जेवायला आमच्याकडे येऊ लागले आणि फडताळाकडे तोंड करून बसू लागले. एकदा म्हणाले, “तिथला लसींचा फ्रीज जुना आहे हो.” मी म्हटलं, जेवा.

आणि एका दुपारी फडताळ वाजायला लागलं.

काका खुर्चीवर चढले. खुर्ची मी धरली, मला आजोबांनी धरलं. पलीकडून मारियामा. काका ओरडले, काय अडलं, लवकर सांगा. मारियामा म्हणाल्या, काहीच नाही. फेरी गेल्याच आठवड्यात संपली. फ्रीज मधेच बंद पडला होता, पण बंदरावरच्या मासळीवाल्या बायकांनी बर्फ दिला, त्यावर काम निभावलं. असं काही काकांनी शिकवलं नव्हतं. विचारलं असतं तर बहुधा नको म्हणाले असते. खुर्चीवर उभ्या उभ्या त्यांना एकच प्रश्न सुचला, लसींना मासळीचा वास नाही ना आला? मारियामा म्हणाल्या, मुलं नेहमीसारखीच रडली.

“मग फोन कशाला केलात?” काकांनी विचारलं. खरंच कळत नव्हतं त्यांना.

“तुम्ही जेवलात का, ते विचारायला,” मारियामा म्हणाल्या. “तुम्हाला स्वयंपाक येत नाही, हे मी त्या दिवशीच ओळखलं होतं.”

काका खाली उतरले. “बघितलंत? मी लागलोच नाही,” असं आम्हाला दोनदा सांगितलं. मग वरण-भात मागून घेतला आणि वरण फार तिखट झालंय म्हणत चष्मा काढून डोळे पुसले. तुमच्या आईसाठी केलेलं बिनतिखटाचं वरण होतं ते.

काम संपलं तसे ते नागपूरला परत जायला निघाले. आम्ही डबा घेऊन स्टेशनवर गेलो, फ्राउ लेमानसुद्धा केक घेऊन आल्या. काका नव्हते. आधीच्याच गाडीने निघून गेले होते. निरोप समारंभ आम्ही त्यांच्याशिवाय केला, आणि चांगला झाला. केक संपवताना आजोबा म्हणाले, नीट बघा, पलीकडच्या फलाटावर पेपरामागे बसले असतील.

तीन वर्षांपूर्वी नागपूरहून ते गेल्याची बातमी आली. मी अजून त्याच रस्त्यावर राहते. त्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर जाऊन बाक पाहून आले. एक मुलगी पाव खात बसली होती.

तुम्ही दोघं तिकडे मेलबर्नला स्वतःची डाळ स्वतः शिजवता, असं तुमची आई सांगते. तुम्ही मला काही विचारत नाही. तुमच्या परीक्षेच्या वेळी मीही फोन केला नाही, हात पदराखाली धरून बसले. मी लागत नाही, हे मला समजलं आहे आणि मी पास झाले आहे. आता काही अडलेलं नसताना एकदा फोन करा, आणि मी जेवले का ते विचारा. कोणत्याही भाषेत चालेल.