काळा मोतिया पिकत नाही

भागीरथाबाईच्या तोंडाचा पट्टा कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनला, नवा नव्हता. पण ‘मोतिया’ हा शब्द कानावर पडला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. नळावर एखादी सहज म्हणाली, “सासूले मोतिया झाला, पिकू देऊ, मंग काढू,” की हिची बादली खाली आणि तोंड सुरू. “कोनता मोतिया? पांढरा का काया? डाक्टरले दाखवला का? नाई ना? मंग पिकू देतो म्हन्नारी तू कोन वं?”

चिडणार नाही तर काय करील! तिचा नवरा कवडू भंडाऱ्याकडचा. कारखाना उभा राहत होता तेव्हा ठेकेदाराकडे लोखंडी तुळया चढवायला आलेला, अंगापिंडानं चांगला दणकट गडी. त्याला कडेकडेचं दिसेनासं झालं. ठेकेदाराच्या कंपाउंडरनं सगळं ऐकून घेतलं नि हिंदीत सांगितलं, “काला मोतिया लगता है, दुर्ग जाके दिखाओ.” घरानं त्यातला ‘मोतिया’ तेवढा उचलला. मोतीबिंदू कच्चा काढत नाहीत, हे गावाकडं शेंबड्या पोरालाही माहीत. झालं, बसले सगळे पिकायची वाट पाहत! शेवटी जवळच्या दुर्ग शहरात नेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “बाई, काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू. हा पिकत नसतो. डोळ्याच्या आतला दाब वाढतो नि मागची नस मरत जाते. मेलेली नस परत येत नाही.” मराठी घरात मराठी शब्द आला, तो माणूस आंधळा झाल्यावर. डॉक्टर आणखी एक बोलले होते, की हा रक्ताच्या नात्यात येतो, भावाला दाखवा.

भाऊ म्हणजे लहानू. नावाला लहानू, पण घमेंड केवढी! त्याच्याच क्वार्टरमध्ये ही दोघं राहत. तो कारखान्यात वरच्या क्रेनवर बसून वितळलेल्या पोलादाची भलीमोठी बादली इकडून तिकडं नेई. वहिनीनं विषय काढला की हसे. “माहे डोये फस्ट क्लास हाये, वयनी. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो मी.”

एका रात्री जेवून उठताना लहानूनं शेजारी वाढलेल्या कवडूच्या ताटात सरळ पाय दिला. वरण सांडलं. भागीरथाच्या हातातला डाव हातातच राहिला. कवडूही आधी असाच ताटात पाय द्यायला लागला होता.

“उद्या दुर्गले चालायचं,” ती म्हणाली.

“अंधार होता, वयनी.”

“मुडद्या, दिवा काय मी पदराखाली झाकला होता? लोकायच्या डोक्यावरून पोलाद नेतं तू! कोनाच्या अंगावर सांडलं म्हंजे दाखवशीन का डोये?”

“अन् क्रेनवरून उतरवलं तं?” लहानू ओरडला. म्हणजे त्याच्या पोटात भीती होतीच, नुसता सोंग करत होता. तिला आणखीच चीड आली. सकाळी मनगट धरून तिनं त्याला घराबाहेर काढलं.

डॉक्टरांनी आधी तक्ता वाचून घेतला. लहानूनं शेवटची ओळ खडाखडा म्हटली नि वहिनीकडं तोऱ्यात पाहिलं. मग त्याला आडवं केलं, डोळे बधिर करायचे थेंब टाकले आणि दाब मोजायचं एक छोटंसं यंत्र अलगद बुबुळावर टेकवलं. त्याचा काटा पाहून डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. उजेड टाकून आतली नस पाहिली. शेवटी समोर बसवून एक डोळा झाकायला लावला. “माझ्या नाकाकडं बघा. कडेनं बोट आणतो, दिसलं की सांगा.”

बोट हलत हलत पुढं येऊ लागलं. भागीरथाला ते भिंतीजवळून दिसत होतं. लहानू गप्प. बोट पुढं आलं, आणखी पुढं आलं, तरी गप्पच.

“सांग ना रे!” ती किंचाळली. “हलून तं रायलं!”

“कुटी?” लहानू म्हणाला.

तिथंच भागीरथाला रडू फुटलं, आणि रडतारडता ती त्याला शिव्या देत होती. डॉक्टर म्हणाले, “तक्ता समोरचं मोजतो. हा आजार आधी कडा खातो. गेलं ते गेलं, पण हे थेंब रोज टाकले, तपासत राहिलात, तर उरलेलं वाचवता येईल.”

“साहेबाले तू सांगतं का मी येऊ गेटवर?” तिनं परतताना विचारलं. त्यानं सांगितलं. क्रेन सुटली, खाली गोदामात काम मिळालं. त्या दिवसापासून लहानू वहिनीशी बोलेना नि औषधाच्या बाटलीला हात लावेना. एका संध्याकाळी दारात बसलेल्या भावापुढं तो उखडला. “दादा, तुह्या बायकोनं माही क्रेन खाल्ली! माह्या जिंदगीची माती केली!”

कवडूनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “लहानू, तुले माहं तोंड दिसते का आता?”

“दिसते ना.”

“मंग सांग बा, कसा दिसतो मी? म्हातारा झालो का? इतक्या वर्साचं मले कोनी सांगतलंच नाई.”

लहानू भावाच्या तोंडाकडं पाहत राहिला. तो आत गेला, बाटली घेऊन आला नि भागीरथासमोर मान वर करून बसला.

“डोये उघड, मेल्या,” ती कडाडली.