वाळूच्या ढिगातल्या गौरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीटसं ठाऊक नाही.

आम्ही बदलापूर गावातले. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात आई उल्हास नदीवर जायची आणि पात्रातले सात खडे ताम्हणात घेऊन, पदराआड धरून घरी आणायची. येताना मागे वळून बघायचं नाही, उंबरठा ओलांडेपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. नदीची वाट एकच होती, साऱ्या गावाची. गुरं तिथूनच, धुणी तिथूनच, दहाव्याची माणसंही तिथूनच जायची.

ऐंशीचं दशक संपता संपता मुंबईच्या एका शेठनं काठाची जमीन घेतली. पिकनिकवाल्यांसाठी रिसॉर्ट काढायचं होतं, आणि वाट नेमकी मधोमध येत होती. चौकशीला तहसीलचे साहेब आले. मी गावातला मास्तर, म्हणून मलाच विचारलं — वाट वापरात आहे का? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "आता फारसं कुणी जात नाही."

धाकट्या भावाची मोरिवलीची कंपनी बंद पडली होती, शेठ त्याला कामाला लावणार होता — हे खरं. पण तेवढंच होतं का? नाही. शेठची गाडी आमच्या दारात थांबायची, तो उतरायच्या आधीच मी जाऊन बसायचो. चारचौघांत तो मला 'सर' म्हणायचा. मला त्याची चटक लागली होती.

वाटेवर तारेचं कुंपण आलं. पुढच्या गौरींना मी आत, हिरवळीवर, शेठबरोबर चहा पीत बसलो होतो. आणि नदीकडून आई वर आली — तारेखालून वाकून, आपल्या नेहमीच्या वाटेनं. वॉचमन आडवा गेला.

"ए माई, क्या छुपाया है? बोल ना, गूंगी है क्या?"

आई कशी बोलणार? तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तर बोलायची बंदी नव्हती ना? शेठनं विचारलं, ओळखीची आहे का? मी — मी बशीत चहा ओतला आणि नाही म्हणून मान हलवली.

वॉचमननं ताम्हण हिसकावून उलटं केलं. खडे गवतात सांडले. आईनं रिकामं ताम्हण उचललं आणि ती गेली. मी चहा संपवला.

घरी बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "नदीला पाणी चढलंय हो, उतरता नाही आलं." मग शेजारच्या नव्या बिल्डिंगपुढच्या वाळूच्या ढिगातून तिनं सात खडे वेचून आणले. मला वाटलं, आता तरी चार शिव्या घालील. तिनं मला घावन-घाटलं वाढलं, नेहमीपेक्षा एक घावन जास्तच. पुढं शेवटपर्यंत दरवर्षी तिनं खडे अशाच कुठल्यातरी ढिगातून आणले.

आता आई नाही. रिसॉर्टही केव्हाच बंद पडलं, वाट झाडोऱ्यात बुजली. खडे बायको आणते, ढिगातलेच. दरवर्षी विचारते — नदी एवढी जवळ असताना तुमच्याकडे हे असं का?

आईनंच पाडली ती पद्धत, असं मी सांगतो.